पंपाला हवा लागली!

रविवारची सकाळ, डोक्यावर गॉगल, खांद्यावर टॉवेल... आणि सोसायटीच्या पूलचा पंप नुसताच घरघरतोय, पाणी काही उचलत नाही. लगेच 'मोटर गेली' म्हणू नका, बॉस!

फंडा सिंपल आहे. हा सेंट्रिफ्युगल पंप पाणी ढकलतो, हवा नाही. पोटात हवा शिरली, की इम्पेलर नुसता गरगरतो. म्हणून आधी मेन स्विच ऑफ! कोरडा चालवत ठेवलात तर मेकॅनिकल सील जळतं आणि छोट्या दुखण्याचं मोठं बिल होतं.

आता सोप्यापासून सुरुवात. पाणी स्किमरच्या निम्म्यापर्यंत आहे ना? कमी असेल तर तिथूनच हवा ओढली जाते. मग दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून स्ट्रेनरचं झाकण उघडा. जाळीतली पानं, केस काढा. झाकणाची ओ-रिंग चिरली असेल तर बदला. धड असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. स्ट्रेनर पाण्यानं काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, व्हॉल्व्ह उघडा, फिल्टरवरचा एअर व्हॉल्व्ह मोकळा करा आणि पंप सुरू करा.

दोन-तीन मिनिटांत पाणी धरलं नाही? बंद करा. बहुधा सक्शन पाइपचा जोड हवा खातोय किंवा इम्पेलरमध्ये कचरा अडकलाय. आता टेक्निशियनला बोलवा.

तोवर पोरांना मात्र पाण्यात सोडू नका. पंप बंद म्हणजे फिल्टर बंद, आणि क्लोरीनही सगळीकडे पोचत नाही. पाणी निळंशार दिसेलही, पण दिसण्यावर जाऊ नका!