लेकरू गाडीवर नसताना

अकोल्याचे लेडी हार्डिंग असो की अमरावतीचे डफरीन. कागदोपत्री दोन्हींचे नाव जिल्हा स्त्री रुग्णालय. दुपारच्या वेळी तिथल्या फाटकाबाहेर दहा मिनिटे उभे राहिलात, तर एक दृश्य हमखास दिसते. बाळंतिणीला सुट्टी झालेली असते. टॉवेलात गुंडाळलेले लेकरू छातीशी धरून ती मोटारसायकलवर मागे बसते. पुढचा तरुण गाडी अशी काढतो, जणू टाकीवर काठोकाठ भरलेली दुधाची घागर ठेवली आहे. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक, प्रत्येक वळणाला मागे नजर. मागच्या महिन्यात हाच गडी याच गाडीवर चौकातून कट मारत गेला असेल.

बाप झाला की माणूस बदलतो, असे आपण कौतुकाने म्हणतो. गाडी चालवताना तो किती बदलतो आणि त्या बदलाने लेकरू खरोखर सुरक्षित होते का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे उत्तर थोडे कडू आहे. वेग कमी होतो, हे खरे. पण माया ॲक्सिलरेटरपर्यंतच पोचते. लेकरू कुठे बसले आहे, चालवणारा किती झोपला आहे आणि लेकरू सोबत नसताना तो कसा चालवतो, इथपर्यंत ती आपोआप पोचत नाही. तिथे तिला हात धरून न्यावे लागते.

हे मी स्वतःवरून सांगतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि रस्त्याचे नाव गिनीज बुकात गेले. त्याच हिवाळ्यात माझी मुलगी अकोल्याला, तिच्या आजोळी जन्मली. माझी नोकरी अमरावतीत. दर शनिवारी संध्याकाळी मी निघायचो आणि सोमवारी पहाटे परतायचो. मुलीला घेऊन लसीकरणाला जाताना मी गल्लीतही वीसच्या वर जात नसे. बायको हसायची, "चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो." आणि सोमवारी पहाटे, गाडीत एकटा असताना, काटा शंभरावर. रात्रभरात मुलगी चार वेळा उठलेली, तिच्यासोबत आम्हीही. अशाच एका पहाटे कुरणखेडच्या पुढे माझा डोळा लागला. चाक डांबरावरून खाली उतरले, त्या खडखडाटाने जाग आली. समोर काही नव्हते, म्हणून आज हे लिहितो आहे.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सहाशेहून अधिक तरुण पुरुषांच्या रक्तातले नव्हे, तर लाळेतले टेस्टोस्टेरॉन २००५ साली आणि पुन्हा २००९ साली मोजले गेले. मधल्या काळात जे बाप झाले, त्यांच्यात हे प्रमाण बाप न झालेल्यांपेक्षा बरेच जास्त उतरले. जे रोज मुलांचे अधिक करत होते, त्यांच्यात ते आणखी कमी होते. ली गेटलर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चढाओढ आणि धोका पत्करण्याची ओढ यांच्याशी या संप्रेरकाचा संबंध जोडला जातो. त्यावरून 'बाप झाला की गाडी आपोआप हळू चालते' असा निष्कर्ष काढता येणार नाही, कारण त्या अभ्यासात कोणाची गाडी तपासली नव्हती. पण बाप होणे ही शरीरातही घडणारी गोष्ट आहे, एवढे त्यातून दिसते.

आईच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डॉ. डोनाल्ड रेडलमायर यांच्या गटाने पाच लाखांहून अधिक बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत, स्वतः गाडी चालवत असताना गंभीर अपघात होण्याचे प्रमाण त्याच स्त्रियांच्या आधीच्या काळापेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक आढळले. हा अभ्यास २०१४ चा. थकवा, मळमळ, अपुरी झोप, विसरभोळेपणा अशी कारणे संशोधकांनी सुचवली. या बाया निष्काळजी झाल्या होत्या का? मुळीच नाही. त्या काळात त्या खाण्यापिण्यापासून चपलेपर्यंत सगळ्याची काळजी घेत असणार. काळजी होती, पण शरीर साथ देत नव्हते. आपल्याकडे आठव्या महिन्यापर्यंत स्कूटी चालवत शाळेत, बँकेत, अंगणवाडीत जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. घरच्यांनी "जपून जा" म्हणण्यापेक्षा एखाद्या दिवशी सोडायला गेलेले बरे.

झोपेचा हिशेब तर अगदी सरळ आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी दाखवले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि नजर यांची सांगड, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी ढिली होते. २४ तास जागरण म्हणजे सुमारे ०.१० टक्के. आपल्या कायद्यात चालकासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे रात्रभर लेकरू खांद्यावर घेऊन येरझारा घातलेला बाप सकाळी किल्ली हातात घेतो, तेव्हा तो कायद्याच्या भाषेत प्यायलेला नसतो, पण मेंदूच्या भाषेत प्यायलेलाच असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद डोळा लागला, तर गाडी ११० मीटर विनाचालक जाते.

तिसरी गोष्ट नजरेची. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने काही कुटुंबांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून पाहिले. मुले मागे असताना १६ मिनिटांच्या प्रवासात आईवडिलांची नजर सरासरी तीन मिनिटांहून अधिक काळ रस्त्यावर नव्हती. लेकरू रडते, बाटली पडते, ओढणी तोंडावर येते, मान वळतेच. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद मागे पाहिले, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात बोरगाव मंजूच्या फाट्यावर एखादा ट्रॅक्टर आडवा येऊ शकतो. उपाय साधा आहे. लेकरू रडले तर आधी गाडी बाजूला घ्या, मग मागे पाहा. रडण्याने लेकराला काही होत नाही.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज मांडीचा. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, असे आपल्याला वाटते. घरात ते खरे आहे. गाडीत नाही. सात किलोचे लेकरू मांडीवर आहे आणि ताशी ४० ने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली असे धरा. त्या क्षणी लेकराला धरून ठेवायला साधारण ऐंशी किलोचे ओझे पेलण्याइतका जोर लागतो. भरल्या पोत्याइतके ओझे, तेही अचानक, दोन हातांवर. कोणत्याही आईला ते शक्य नाही. तिची माया कमी म्हणून नव्हे, तर मनगटे माणसाची असतात म्हणून. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे तर ताशी ४० ची धडक म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून पडणे. वेग ६० झाला की तीच उंची चार मजल्यांच्या वर जाते, कारण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून हळू चालवणारा बाप चुकत नाही. पण ४० वरही मांडी पुरत नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना कारमध्ये बसवले, तर १००० रुपये दंड आहे. मोटारसायकलवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी दुचाकीवर छोटे हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा बंधनकारक आहे, आणि असे मूल सोबत असेल तर वेग ताशी ४० च्या आत. दोन्ही जिल्ह्यांत असा पट्टा लावलेले लेकरू मी आजवर पाहिलेले नाही. स्कूटीच्या पायरीवर उभी, हँडलला धरलेली, झोपेने डुलणारी लेकरे मात्र रोज दिसतात. त्यात दुचाकीवर चालकामागे एकच जण, असाही नियम आहे. म्हणजे आई, बाप आणि लेकरू हे आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे दृश्य कायद्यात बसतच नाही.

"साहेब, कार कुठून आणू?" हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी एकच दुचाकी आहे, त्याला उपदेश करून उपयोग नाही. पण तान्ह्या लेकरापुरते काही करता येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आई आणि लेकराला घरी सोडायला मोफत गाडी मिळण्याची तरतूद आहे. सुट्टीच्या आधीच १०२ क्रमांकाच्या गाडीची चौकशी करा. नऊ महिन्यांपर्यंत दुचाकी टाळा, कारण त्या मानेला हेल्मेटही पेलत नाही. एसटी, ऑटो चालेल. नंतर पट्टा आणि हेल्मेट घ्या. कार असेल, तर मागच्या सीटवर, लेकराचे तोंड मागे राहील असे आसन बसवा आणि निदान दोन वर्षे तसेच ठेवा. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि मान कच्ची असते; तोंड मागे असले की धडकेचा झटका पूर्ण पाठीवर विभागला जातो. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर असे आसन कधीही लावू नका. बारशाला पाळणा, चांदीचा वाळा, पाचपन्नास टोपडी येतात. मामाने एकदा बालआसन आणून पाहावे.

राहिली शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. लेकराला घरी सोडले की बाप एकटा निघतो. हेल्मेट आरशाला अडकवलेले, वेग पुन्हा जुना. त्याच्या मनात हिशेब असा की लेकरू गाडीवर नाही, म्हणजे धोका नाही. पण लेकराचे पुढचे वीस वर्षांचे दूध, शाळा, फी, आजारपण त्याच गाडीवर बसलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ५ ते २९ या वयात जगभर मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. आपल्याकडची बहुतेक लग्ने आणि पहिली बाळंतपणे याच वयात होतात. हेल्मेटने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेले आकडे आहेत. बालआसनाला पैसे लागतात. हेल्मेट बहुधा घरात आधीच असते.

मी आता सोमवारी पहाटे निघत नाही. रविवारी जेवून दुपारी निघतो आणि डोळे जड झाले तर मूर्तिजापूरला गाडी लावून पंधरा मिनिटे झोपतो. कार्यालयात एकदोनदा उशीर झाला, तो सांगून टाकला. मुलगी आता बोलते. निघताना "बाबा, हऊ चालवा" म्हणते. गाडीत ती असते तेव्हा मला हे सांगावे लागत नाही. नसते तेव्हाच लागते.

म्हणून तुमच्या ओळखीत कोणी नव्याने बाप झाला, तर पेढे खाताना एक प्रश्न विचारा. लेकराला घरी सोडून तू परत कामावर निघशील, तेव्हा तुझे हेल्मेट कुठे असेल?