बॅकअपची किल्ली कोणाकडे?

पिनरमधल्या एखाद्या मराठी घरात ‘आयक्लाउड स्टोरेज भरले आहे’ अशी सूचना आली की बहुधा दोनच गोष्टी घडतात: दरमहा थोडे पैसे भरून जागा वाढवली जाते, नाहीतर सूचना डावलली जाते. फुकट मिळणारी जागा अवघी ५ जीबी; ती कशाने भरली हे उघडून पाहणारे थोडे. नुकत्याच बदललेल्या फोनचा बॅकअप, आईवडिलांच्या पासपोर्टची छायाचित्रे, पुण्यातल्या सदनिकेचे कागद, आधार-पॅनच्या प्रती असे बरेच काही त्यात असते. ब्रिटिश सरकार आणि ॲपल यांच्यात २०२५ साली पेटलेला वाद नेमका या अडगळीच्या किल्लीवरून आहे.

‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ ही ऐच्छिक सोय ॲपलने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेत आणली. पुढच्या वर्षी ती ब्रिटनमध्येही मिळू लागली. ती चालू केली की बॅकअप, छायाचित्रे आणि टिपणे यांची किल्ली फक्त ग्राहकाच्या उपकरणांत राहते. कंपनीलाही ती उघडता येत नाहीत. गृहखात्याने ‘इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट, २०१६’खाली या साठ्यात प्रवेश मागणारी गुप्त नोटीस बजावल्याची बातमी फेब्रुवारी २०२५मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दिली. अशी नोटीस मिळाल्याचे सांगण्यासही कायद्याची मनाई आहे. २१ फेब्रुवारीला ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी ही सोय बंद केली. एप्रिलमध्ये न्यायाधिकरणाने, खटला आहे हेसुद्धा गुप्त ठेवावे ही सरकारची विनंती फेटाळली. ब्रिटनने मागणी सोडल्याचे अमेरिकेच्या गुप्तवार्ता संचालक तुलसी गॅबर्ड यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने मात्र नव्या नोटिशीचे वृत्त दिले, आणि ही नोटीस फक्त ब्रिटिश ग्राहकांपुरती होती. वॉशिंग्टनच्या दबावाने अमेरिकी नागरिक सुटले. पिनरकर जिथल्या तिथे राहिले.

दहशतवाद आणि बालशोषणाच्या तपासासाठी हा प्रवेश हवा, आणि प्रत्यक्ष माहिती पाहण्यास स्वतंत्र वॉरंट लागतेच, असे सरकारचे म्हणणे. ते खोटे नाही, आणि लग्नाचे फोटो चाळायला गृहखाते बसलेले नाही हेही खरे. परंतु कंपनीकडे किल्ली असली, की ती वॉरंटाने मागता येते, तशीच घरभेद्याच्या किंवा चोराच्याही हाती लागू शकते. ‘खाते भारतातले ठेवू’ हा उपायही फसवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ तिथल्या सरकारांना हाच अधिकार देते, आणि सहकार्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अधिक गाफील राहण्याची जागा व्हॉट्सॲप आहे. संदेश जाता-येता बंद पाकिटात असतो, पण त्याचा बॅकअप आपोआप तसा नसतो. बॅकअपला कुलूप लावण्याची सोय २०२१पासून आहे आणि ब्रिटनमध्ये ती अजूनही मिळते. मात्र ती स्वतः चालू करावी लागते. शिवाय आयफोनचा संपूर्ण आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर गप्पांची बिनकुलपाची प्रत तिकडेही जाते, असे व्हॉट्सॲपच सांगते. पुढच्या दाराला दोन कुलपे आणि मागचे दार उघडे, अशातला हा प्रकार.

तेव्हा काय ठेवायचे याचा निर्णय ग्राहकावरच येतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. बॅकअप ही बाजूला ठेवलेली प्रत असते. आयक्लाउड फोटोज मात्र प्रत नसून सगळ्या उपकरणांवरचा एकच संग्रह आहे. फोनमधली जागा रिकामी करण्यासाठी तिथला फोटो पुसला, तर तो सर्वत्र पुसला जातो आणि परत मिळवायला साधारण ३० दिवस उरतात. उलट, बॅकअप पुसला तरी हा संग्रह शाबूत राहतो. बॅकअप नुसता बंद केला तर शेवटची प्रत १८० दिवस कंपनीकडे राहते. ती लगेच घालवायची असेल तर सेटिंग्जमध्ये, स्टोरेजच्या यादीत जाऊन त्या फोनचा बॅकअप वेगळा पुसावा लागतो. अँड्रॉइडची तऱ्हा निराळी: फोन ५७ दिवस वापरला नाही, तर गुगल त्याचा बॅकअप आपणहून काढून टाकू शकते. आईचा जुना फोन साताऱ्यात कपाटात पडून असेल, तर ही मुदत लक्षात ठेवलेली बरी.

पुसण्याआधी घरच्या संगणकावर एक प्रत घ्यावी आणि घेताना ‘एन्क्रिप्ट’चा चौकोन निवडावा, क्लाउडला हात त्यानंतर. त्या प्रतीचा पासवर्ड हरवला तर ती ॲपललाही उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा. त्याच फोनच्या ‘नोट्स’मध्ये लिहून ठेवणारेही आहेत.