प्रथिनाला भाव द्या

आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेणाऱ्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ओलावा विचारला जातो, दाण्याची प्रत विचारली जाते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 रुपये आणि ‘अ’ प्रतीला 2,389 रुपये जाहीर झाले. हा वीस रुपयांचा फरक दाणा किती लांब आणि किती बारीक यावर ठरतो. त्या दाण्यात प्रथिने किती, जस्त किती, हे कोणी मोजत नाही. कुपोषणाविरुद्धच्या योजनांवर दरवर्षी पैसा ओतणाऱ्या शासनाने हा दोष आता दूर केला पाहिजे.

कारण जास्त प्रथिनांचा तांदूळ ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘एआरसी 10075’ या आसाममधून गोळा केलेल्या जुन्या वाणाचा गुण ‘नवीन’ या प्रचलित वाणात उतरवून ‘सीआर धान 310’ तयार केले. पॉलिश केलेल्या तांदळात एरवी सात-आठ टक्के प्रथिने असतात, यात 10.3 टक्के आहेत. दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या मजुराच्या पोटात त्यामुळे दहा ग्रॅमच्या आसपास जास्त प्रथिन जाईल. ज्या घरात वरण रोज शिजत नाही, तिथे हे दहा ग्रॅम फार मोलाचे आहेत.

हे काम सोपे मात्र नाही. तांदळाचा सुगंध मुख्यतः आठव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे येतो, म्हणून तो एका वाणातून दुसऱ्यात नेता येतो. प्रथिनाचे तसे नाही. वुहानच्या संशोधकांनी 2014 मध्ये पहिल्या गुणसूत्रावर ‘ओएसएएपी6’ हे जनुक दाखवले. ते अमिनो आम्लांची वाहतूक वाढवते आणि दाण्यात प्रथिन अधिक साठते. पण अशी अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात, शिवाय जमिनीतला नत्र आणि हंगाम आपला वाटा उचलतात. दाण्यात पिष्ट जास्त भरले की प्रथिनाचे प्रमाण घटते, म्हणूनच उत्पादन आणि प्रथिन एकाच वेळी वाढवणे अवघड जाते. त्यातच प्रथिन वाढले की भात थोडा कडक शिजतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नोरचा मऊ भात खाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. कटकचे बियाणे आणून वाटल्याने इथले काम भागणार नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साकोली केंद्राला इथल्या बांध्यांत, इथल्या लोकांना आवडणाऱ्या वाणांत हा गुण उतरवण्यासाठी सलग काही वर्षांचा निधी द्यावा लागेल.

रेशनवर पोषणयुक्त तांदूळ दिला गेलाच आहे, असे कोणी म्हणेल. त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून बनवलेला असतो; प्रथिनात भर पडत नाही. तो दाणा प्लास्टिकचा समजून निवडून फेकला जातो, ते वेगळेच. बियाण्यातच आलेले पोषण निवडून फेकता येत नाही. अर्थात तांदळातले प्रथिन कितीही वाढवले तरी त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमीच राहते, ते डाळीतून यावे लागते. उभ्या धानात लाखोळीचे कडधान्य टाकणाऱ्या शेतकऱ्याने ही सोय आपल्या बांधीतच करून ठेवली आहे. लाखोळीत विषद्रव्य असते, म्हणून ते कमी असलेल्या वाणांचे बियाणे त्याला वेळेवर मिळायला हवे.

शेजारच्या नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेले एचएमटी वाण सरकारी योजनेशिवाय दूरदूर पसरले, कारण बाजाराने त्या बारीक दाण्याला पैसा मोजला. प्रथिनाच्या वाणालाही तेच लागेल. प्रथिन मोजणारी यंत्रे धान्य व्यवहारात आज वापरली जातात. राज्याने तुमसर आणि साकोलीच्या केंद्रांवर ती बसवावीत, ठरावीक टक्केवारीच्या वर क्विंटलमागे वेगळा बोनस जाहीर करावा आणि त्या धानाची भरडाई वेगळी करून तो तांदूळ आधी जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांना व शालेय पोषण आहाराला द्यावा. ही घोषणा पऱ्हे टाकण्याआधी व्हावी. रोवणी आटोपल्यावर तिचा शेतकऱ्याला उपयोग नाही.