होडीत ‘माझा जीव, माझी मर्जी’ चालत नाही




बोट बुडाली की चार दिवस बंदर खात्याला शिव्या पडतात. पाचव्या दिवशी कुणीतरी शहाणा म्हणतो, ‘नियम कशाला वाढवता? ज्याने त्याने आपला जीव सांभाळावा.’ ऐकायला हे बाणेदार वाटते. रस्त्यावर थोडेफार खपेलही, कारण हेल्मेट न घालणारा निदान स्वतःचेच डोके फोडून घेतो. होडीत तसे होत नाही. डॉल्फिन दिसला म्हणून पाचजण एका अंगाला धावले, की उरलेल्या पंधरांचा तोल त्यांनी परस्पर ठरवून टाकलेला असतो. वरच्या मजल्यावर गर्दी झाली की भार वर चढतो आणि कललेली बोट सरळ व्हायला मागत नाही. केरळात तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी उलटलेली बोट दुमजली होती, मूळची मासेमारीची. २२ माणसे गेली. त्यांतल्या खाली बसलेल्यांनी आपला जीव सांभाळायचा म्हणजे नेमके काय करायचे होते?

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि लाइफ जॅकेट सगळ्या मुलांच्या अंगावर नव्हते. आठ-दहा वर्षांच्या पोराला वैयक्तिक जबाबदारी शिकवणार का आपण?

याचा अर्थ पर्यटक धुतल्या तांदळासारखा आहे असे मी म्हणत नाही. तांडेलाच्या हातात वरचे पैसे ठेवून ‘अजून जरा आत घ्या’ म्हणणारे आपणच. जॅकेटचा वास येतो, फोटो चांगला येत नाही, म्हणून ते मांडीवर घेऊन बसणारेही आपणच. बक्कल न लावता खांद्यावर अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निसटते. मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले तरी तेच.

मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ बळी गेले, त्यांत नौदलाच्या बोटीवरची माणसेही होती. प्रवाशांची यात काडीची चूक नव्हती. जॅकेट घालायचे ते अशाच वेळेसाठी, आणि तेही धक्का सोडण्याआधी. बोटीत पाणी शिरू लागल्यावर बाकाखालची गाठोडी सोडत बसायला कुणाला सवड मिळते?

प्रवाशाची खरी जबाबदारी धक्क्यावरच संपते: बोट भरलेली दिसली तर चढायचे नाही. एकदा दोर सुटला की त्याच्या हातात फार काही उरत नाही. पण बोट भरली आहे हे त्याला कळावे कसे? क्षमतेचा आकडा बहुधा कुठेतरी केबिनच्या आत, पुसट रंगात. आणि माणसे मोजतो कोण, तर ज्याचे पोट तिकिटांवर चालते तोच. त्याला दोष देऊन भागत नाही. हंगाम चार-सहा महिन्यांचा, डिझेल आणि कर्जाचे हप्ते मात्र त्याच्याच डोक्यावर. मोजणारा माणूस वेगळा हवा आणि त्याचा पगार तिकीटविक्रीवर अवलंबून नको.

यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हावी असे अंतर्देशीय जहाजांचा २०२१ चा कायदा सांगतो, म्हणजे धरणे आणि तलावही त्यातून सुटत नाहीत. पण आडगावच्या जलाशयावर इंजिन बसवून फेऱ्या मारणाऱ्या होडीकडे नोंदणीचा कागद मागून पाहा.

माझी मागणी मोठी नाही. बोटीच्या दोन्ही बाजूंना, धक्क्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत, मराठीत प्रवाशांची संख्या रंगवावी. तेवढी माणसे चढली की पुढची बोट येईपर्यंत फाटक बंद, मग रांगेत आमदाराचे पाहुणे असले तरी.

आपला,
एक वाचक, अलिबाग