फुंकणी पुरे, माणसाला चालवून पाहा



धाप लागणाऱ्या गँगमनला (नाव बदलून ट्रॅक मेंटेनर केले, फावडे तेच!) मेडिकल बोर्डापुढे बसवतात आणि यंत्रात फुंकायला लावतात. एका सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा कागदावर येतो आणि त्यावर ‘कामास योग्य’ असा शिक्का बसतो. यंत्राला आमचा विरोध नाही, रोग ओळखायला ते हवेच. पण खुर्चीत बसून फुंकणे आणि उन्हात हातोडा-पाना घेऊन रुळावरची बीट चालणे एकच, असे समजणाऱ्या साहेबांनी एक दिवस कीमनबरोबर चालून दाखवावे.

फुंकणीचा आकडा सारखा असलेली दोन माणसे सारखी चालत नाहीत, हे छातीचे डॉक्टरच सांगतात. म्हणून तर सहा मिनिटे चालण्याची चाचणी निघाली. ३० मीटरचा सरळ व्हरांडा, दोन्ही टोकांना खूण, एक घड्याळ, बोटाला लावून ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र. माणूस आपल्या चालीने जमेल तितका चालतो. धाप लागली तर थांबतो, घड्याळ मात्र थांबत नाही. किती मीटर झाले, ऑक्सिजन किती उतरला, धाप किती लागली, ते लिहायचे. व्हरांडा नसेल तर एक मिनिट खुर्चीतून उठबस करण्याची चाचणी आहे. याला कोणते टेंडर लागते?

पण इथेही जागे राहावे लागेल. ही चाचणी दोनदा घ्यावी, असे युरोप-अमेरिकेच्या श्वसनरोग संस्थांनी २०१४ साली सांगितले, कारण दुसऱ्या खेपेला माणूस बहुधा जास्त चालतो. चालणाऱ्याला धीर देण्याची वाक्येसुद्धा ठरलेली असतात, कारण बोलण्याने अंतर बदलते. घाईघाईत एकदाच चालवून ‘ढोंग करतो’ असा शेरा मारणारे आम्ही पाहिले आहेत.

१९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस घातला गेला. भरपाईचे माप होते कमावण्याची शक्ती किती गेली हे, हवा किती फुंकली हे नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मोजले, त्यात फुप्फुसाचा जुनाट आजार नाहीच. हात तुटला तर दिसतो, दम तुटला तर दिसत नाही.

तेव्हा शाखांनी पुढच्या पीएनएम बैठकीत विषय लावावा : बोर्डाच्या फॉर्मवर चालण्याच्या चाचणीचा रकाना, दोन्ही खेपांची नक्कल कामगाराच्या हातात, आणि हलके काम देताना पगाराला हात लावायचा नाही.