हळदीचा पिवळा आणि जिलबीचा पिवळा

माय-बहिणींनो, भडगावच्या बाजारातून जिलबीचा पुडा घरात आला की आधी तिचा रंग बघत चला. मैदा पांढरा, साखर पांढरी. मग हा पिवळाधमक रंग आला कोठून? गाडीवाल्याला केशर परवडत नाही, हे आपण जाणतोच.

मिठाईत टार्ट्राझिनसारखे मोजकेच रंग कायद्याने चालतात, तेही किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत. मेटॅनिल यलो मात्र मुळीच चालत नाही. तो कापड, कागद, चामडे रंगवायचा. पण स्वस्त आणि भडक, म्हणून जिलबी-लाडवात, सुट्या हळदीत, डाळीतही तो सापडत आला आहे.

पोटात गेलेला रंग निस्तरायचे काम उजव्या बरगडीखालच्या यकृताकडे येते. रंग मोडताना काही चंचल कण सुटतात आणि पेशींचे आवरण कुरतडतात. विळ्याला गंज चढतो, तसाच काहीसा प्रकार. उंदरांना असे रंग देऊन पाहिले तेव्हा त्यांच्या यकृताला इजा झालेली दिसली. सोबत 'क' किंवा 'ई' जीवनसत्त्व दिले तेव्हा ती कमी झाली. 'ई' हे पेशीच्या आवरणात बसून राखण करते. ते थकले की 'क' त्याला पुन्हा उभे करते. दोघांची जोडी सालदार-मालकासारखी नव्हे, बैलजोडीसारखी.

पण हे झाले उंदरांचे. जिलबी खाऊन वर लिंबू चोखले की फिटले, असा हिशेब कोणी मांडू नये. टॉनिकच्या गोळ्या तर मनाने घेऊच नयेत. 'अ' जीवनसत्त्व फार झाले तर उलट यकृतालाच बाधते.

जीवनसत्त्वे ताटातूनच घ्यावीत. 2020 च्या सरकारी शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम 'क' लागते. एक मध्यम पेरू तेवढे सहज देतो. लिंबू वरणात पिळायचे ते पातेले उतरवल्यावर. उकळीत 'क' जळून जाते. 'ई' साठी शेंगदाणे आणि करडईचे तेल आहेच.

पोरांना मात्र जपा. त्यांच्या एवढ्याशा अंगाला थोडा रंगही जास्त होतो. यात्रेतले गुलाबी 'म्हातारीचे केस' आठवा. त्यात ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग निघाला, म्हणून तमिळनाडूने 2024 च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर बंदी घातली.

हळद सुटी न घेता हळकुंडे आणून दळलेली बरी. शंका असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत सरांकडून तपासून घ्या. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की ते गुलाबी होते. वरून पाणी घातल्यावर गुलाबी रंग गेला तर ठीक. टिकला तर मेटॅनिल यलो समजा. आम्ल घरी आणू नका. पुडा जपून ठेवा आणि जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर कावीळ उतरवणाऱ्याच्या ओट्यावर दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासा.