बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका

तान्ह्या बाळाला जुलाब लागले की घराघरात एकच क्रम दिसतो. पहिल्या दिवशी दृष्ट निघते, दुसऱ्या दिवशी औषध येतं. पाच-सहा दिवसांत ताप उतरतो, उलट्या थांबतात, बाळ पुन्हा हसायला लागतं. शी मात्र पातळच राहते. फेसाळ, आंबट वासाची, पिचकारीसारखी. लंगोट बदलायला जावं तर ढुंगण लालबुंद. पाजून झालं की पोट गुडगुडतं, थोड्या वेळानं पुन्हा लंगोट भरतो. मग स्वयंपाकघरातून निकाल लागतो, ‘आईचं दूध बाधतंय. चार दिवस बंद करून बघा.’

हे आवाहन त्या चार दिवसांसाठी आहे. ते आईला कमी आणि तिच्या भोवतीच्या माणसांना जास्त आहे, कारण दूध तोडायचं की नाही हे बहुतेक घरांत ती एकटी ठरवत नाही. आजी, मावशी, शेजारीण, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि कधी कधी घाईत असलेला डॉक्टर असे सगळे मिळून ते ठरवतात.

आधी पोटात काय घडलंय ते पाहू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती तोडणारं लॅक्टेज नावाचं विकर या उंचवट्यांच्या टोकाकडे असतं. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमका तिथेच घाव घालतो. शेळीनं कुंपणाचे शेंडे खुडून न्यावेत आणि बुंधे तेवढे मागे राहावेत, तशी आतड्याची गत होते. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्याकडे जाताना स्वतःबरोबर पाणी ओढून घेतं. तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू आणि आम्ल तयार होतं. वायूनं फेस आणि गुडगुड, आम्लानं आंबट वास आणि भाजल्यासारखं ढुंगण. घरात ज्याला ‘दूध बाधणं’ म्हणतात ते एवढंच.

शेंडे पुन्हा फुटतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तळापासून वर सरकत तीन ते पाच दिवसांत बदलतात. त्यांच्यातलं लॅक्टेज पूर्ववत व्हायला त्याहून वेळ लागतो, साधारण दोन ते चार आठवडे, काही बाळांना आणखी थोडे जास्त. जन्मतःच लॅक्टेज नसणारी बाळं जगात अतिशय दुर्मीळ आहेत आणि त्यांना पहिल्या दिवसांपासूनच जोरात जुलाब होतात. जे बाळ चार महिने हेच दूध पिऊन बाळसं धरत होतं, त्याच्या आईचं दूध एका आठवड्यात कसं बिघडेल?

तरी एक हिशेब मांडला जातोच. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात पाचाच्या आतबाहेर. मग गाईचं बरं नाही का? आकडे खरे आहेत, हिशेब अपुरा आहे. आईच्या दुधात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात आणि अस्तर भरून यायला मदत करणारे घटकही असतात. वरच्या दुधाबरोबर मात्र बाटली येते, तिचं बूच येतं, पाणी येतं, आणि आधीच सोललेल्या आतड्याला नव्या जंतूंची भेट घडते. शिवाय चार दिवस बाळ ओढत नाही म्हटल्यावर दूध आटायला लागतं. बंद केलेलं पुन्हा सुरू करणं आईला किती जड जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

काही घरांत दूध तुटत नाही, पण आईचं ताट तुटतं. तिचं दूध, दही, तूप, डाळ बंद होतं. अंगावरच्या दुधातलं लॅक्टोज आईच्या स्तनातच तयार होतं. तिनं पेलाभर दूध प्यायलं काय किंवा सोडलं काय, त्याचं प्रमाण बदलत नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी हा आजार वेगळा. त्यात बाळाच्या शीत रक्तही दिसू शकतं आणि तेव्हा डॉक्टर आईला दुधाचे पदार्थ सोडायला सांगू शकतात. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि बाळंतीण विनाकारण उपाशी राहते.

जुलाबात पोटाला ‘विश्रांती’ द्यायची हा समज एकेकाळी दवाखान्यांतही पक्का होता. त्याला मोठा तडा गेला तो १९७१ साली. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर उतरलं. तीच आपली जलसंजीवनी. ग्लुकोज ही सुटी साखर असल्यामुळे ती शोषायला लॅक्टेज लागत नाही, म्हणून दुखावलेलं आतडंही ती घेतं. डॉक्टर वारले २०२२ मध्ये, पद्मविभूषण मिळालं त्यानंतरच्या वर्षी. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे, जुलाबात आणि जुलाबानंतरही अंगावर पाजणं सुरू ठेवावं.

तेव्हा आजीबाईंना विनंती अशी की सुनेला किंवा लेकीला शांतपणे पाजू द्यावं. एका बाजूचं दूध बाळ पुरतं पिऊन झाल्यावरच दुसरी बाजू द्यावी, कारण शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं आणि पोटातून सावकाश सरकतं. शी मोजण्यापेक्षा लघवी मोजावी. दिवसातून सहा-सात लंगोट ओले होतात, बाळ खेळतंय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढतंय, तर नुसत्या पातळ शीवर इलाज करायचं कारण नाही. पोट फुगलं म्हणून मेळघाटात आजही काही ठिकाणी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. तिथल्या भूमकांना, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्यांना, आणि जाणत्यांनाही ही हाक आहे. तो वायू चटक्यानं जात नाही, आतडं भरून आलं की आपसूक जातो.

औषध दुकानदारांनी ‘लॅक्टोज-फ्री’ डबा चिठ्ठीशिवाय पुढे सरकवू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याची गरज सहसा पडत नाही. वरच्या दुधावरच्या बाळाचे जुलाब लांबले तर तो काही दिवस द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतील. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या डबाबंद दुधाची जाहिरात करणं आणि फुकट नमुने वाटणं १९९२ च्या कायद्यानं बंद आहे. डॉक्टरांनाही एक आठवण. शीच्या तपासणीत ‘रिड्युसिंग शुगर’ (न पचलेली साखर) सापडली, एवढ्यावर दूध तोडायला सांगू नये. अंगावर पिणाऱ्या धडधाकट तान्ह्यांच्या शीतही ती सापडते. आणि आई नोकरीवर परतली असेल, तर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी हा तिचा कायदेशीर हक्क आहे. बाळाच्या आजारपणात साहेबांनी घड्याळ काढून बसू नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नये. टाळू किंवा डोळे खोल जाणं, सहा तास लघवी न होणं, बाळ मलूल पडणं किंवा ओढेनासं होणं, शीत रक्त, सगळं उलटून पडणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चौदा दिवस उलटूनही जुलाब थांबले नाहीत किंवा वजन घटलं, तरीही तपासणी हवीच. वाटेत पाजणं चालूच ठेवावं.

जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामी करावी आणि उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यावं. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्याही मिळतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, त्यापुढच्याला एक, असं चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून पट्टी कपाटात ठेवू नये. गोळी चमच्यात आईच्याच दुधात विरघळवून देता येते. हे काम आजोबांकडे द्यावं, त्यांनी रोज कॅलेंडरवर खूण करावी.